मैनाबायची पूड

दिघाशीत कुणाची हिरडी सुजली की माणूस आधी मैनाबायच्या ओटीवर यायचा आणि मग, सवड झालीच तर, भिवंडीला दातांच्या डॉक्टरकडे जायचा. मैनाबाय बांधावरच्या ओवळीची साल काढून आणायची. शहरातले लोक त्याच झाडाला बकुळ म्हणतात आणि त्याच्या फुलांवर जीव टाकतात. मैनाबायला फुलांशी काही देणंघेणं नव्हतं. साल सावलीत वाळवायची, तीत थोडी बाभळीची साल मिसळायची, उखळात कुटायची, लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, वर मीठ आणि चार लवंगा. ती पूड हिरडीला लावून लाळ गाळत बसायचं. तोंड असं आखडायचं की माणूस घटकाभर बोलायचा बंद व्हायचा. "अर्धा गुन तेचाच हाय," असं तिचा नवरा सावळाराम म्हणायचा.

पूड विकायची नाही, हा तिच्या सासूने घालून दिलेला नेम. दुसरा नेम असा, की देणारीने आधी चिमूटभर स्वतःच्या दाताला लावायची आणि मगच दुसऱ्याच्या तळहातावर ठेवायची. मैनाबाय दोन्ही नेम पाळत होती. गावात तिला दुसरा काही मान नव्हता. भाताचा तुकडा लहान, घर कौलारू, मुलगा मनोज मानकोलीच्या गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करणारा. पण हिरडी ठणकायला लागली की सरपंचाची बायकोसुद्धा तिच्यापुढे येऊन तोंड वासायची. माणसाला एवढं पुरतं.

मैनाबाय स्वतः मात्र मशेरीवाली. तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, हाताने चुरायचा, डबीत भरायचा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ बोटाने दातांवर चोळायचा. पंधराव्या वर्षापासूनची सवय. सालीच्या पुडीने जग बरं करायचं आणि आपण मशेरी चोळायची, यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही. तिच्या वयाच्या सगळ्या बायका तेच करत होत्या.

तिची सून हेमाली तशी नव्हती. पडघ्याकडची, बारावी झालेली. आई लहानपणीच गेली, मावशीने वाढवली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मैनाबायने मायेने डबी पुढे केली, तर हेमालीने हात मागे घेतला.

"नको आय. माझी मावशी ह्यानंच गेली. अर्धा जबडा कापला व्हता तिचा. मी हात न्हाय लावायची."

बोलली हळूच, पण मैनाबायला ते झोंबलं. पुढे घरात तंबाखू भाजायला लागला की हेमाली पदर नाकाला लावून परसात जायची. मैनाबाय तव्यावर उलथनं आपटायची. दोघींमध्ये भांडण कधी झालं नाही, एवढंच.

त्या वर्षी भात दसऱ्यालाच पिवळं झालं आणि हेमालीला पाचवा महिना लागला. कापणीला माणूस मिळेना. गावातली तरणी पोरं मानकोली आणि काल्हेरच्या गोडाऊनमध्ये, आणि तिथे दिवाळीचा सेल. रोज दुपारी माहुलीच्या डोंगराच्या अंगाला ढग चढायचे. एक दणक्याचा पाऊस आला असता तर उभं भात आडवं होऊन शेतातच कोंबावलं असतं.

त्याच आठवड्यात हेमालीच्या हिरड्या सुजल्या. ब्रश तोंडात घातला की रक्त. डाव्या बाजूची हिरडी जांभळी होऊन दातावर चढली होती. गावची आशाताई कमळ तपासणीला आली तेव्हा तिने मोबाईलच्या उजेडात बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"पोटुशीला असं व्हतं, घाबरू नको. पन किटण किती साचलंय! आय, बुधवारी हिला भिवंडीला न्या. विद्युल्लता मॅडम हाईत, पोटुशीचं नीट करतात. साफ करून घ्यायला हाच महिना बरा."

"बुधवारी?" मैनाबाय म्हणाली. "आनी भात कोन कापंल, तू?"

"येक दिसाचं काम हाय."

"येका दिसात पाऊस येतो कमळ. माझी पूड हाय की. गावाला चालते, सुनेला न चालायला काय झालं?"

"पूड लावा, मी कुठं नको बोलते? पन दाखवा पन."

संध्याकाळी मैनाबायने मनोजला विचारलं. तो शिफ्टवरून येऊन ओटीवर पाय पसरून बसला होता. दिवसभर उभं राहून त्याच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या.

"सेल हाय आये. मी येक सुट्टी मागितली तं सुपरवायझर बोलला, कायमचीच घे."

"मंग कापनी झाल्यावर नेऊ," मैनाबाय म्हणाली. हेमाली चुलीपाशी गाल धरून बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं शेतात उतरली. पुढे सावळाराम, मधे मैनाबाय, कडेला हेमाली. विळ्याचा खसखस आवाज आणि मागे मुठी टाकत जायचं. खाली चिखल अजून ओला, वर ऊन असं की पाठ भाजत होती. हेमाली चार मुठी कापायची आणि थांबायची. वाकलं की रक्त डोक्यात उतरायचं आणि दाढ ठणकायची. ती बांधाकडे जाऊन थुंकायची. गवतावर लाल थुंकी पडायची, ती पायाने माती ओढून झाकायची.

"पोरी, घरी जा," सावळाराम म्हणाला.

"जाते बाबा, ही वळ झाली की."

मैनाबायने माहुलीकडे बघितलं. ढग दुधी भोपळ्यासारखे फुगले होते. दुपारपर्यंत तीन माणसांनी मिळून दीड माणसाचं काम झालं होतं.

त्या संध्याकाळी हेमालीने भाकरी खाल्ली नाही. मैनाबायने पूड दिली, तिने ती लावली, लाळ गाळली, रक्त थांबलं. साल तेवढं करते. पण ठणका थांबला नाही. ती उशीत तोंड खुपसून कण्हत होती, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ते घरभर ऐकू येत होतं.

मैनाबाय चुलीपाशी बसून दुसऱ्या दिवसाची पूड वाडग्यात काढत होती. शेजारी तिची मशेरीची डबी. मनोज पोटात असताना तिचीही दाढ अशीच धरली होती. तेव्हा सासूने मशेरी दिली आणि ती भाताची रोपं लावायला, आवणीला, उभी राहिली होती, गुडघाभर पाण्यात, सातव्या महिन्यात. तिला काय झालं? मनोजला काय झालं? तिने डबी उघडली. एक चिमूट वाडग्यात टाकली. मग आणखी एक. लवंग दोन जास्त कुटून घातल्या, म्हणजे वास झाकेल. मग तिने दाराकडे बघितलं.

दाराकडे बघितलं, म्हणजे आपण काय करतो आहोत ते तिला कळत होतं. पुढे तिने स्वतःला कितीदा तरी समजावलं की मायेपोटी केलं. पण मायेने केलेल्या गोष्टीला दाराकडे बघावं लागत नाही.

सकाळी नेमाप्रमाणे आधी तिने स्वतःच्या दाताला लावली आणि मग हेमालीच्या तळहातावर ठेवली.

"आज जरा कडक हाय. लवंग जास्त घातलीय. गरगरलं तं खाली बस."

हेमालीला गरगरलं. ती ओटीच्या खांबाला धरून बसली, ओकारी आली, कपाळावर घाम सुटला. अर्ध्या तासाने उठली आणि हसली. हिरड्या सुजल्यापासून पहिल्यांदा हसली.

"गेलं आय! ठणका गेला. तुमच्या हाताला गुन हाय खरा."

मैनाबाय विळ्याला धार लावायला वाकली. बरं वाटलं तिला.

कापणी पाच दिवसांत उरकली. भारे बांधले, डोक्यावरून खळ्यात आणले, वर ताडपत्री ओढली. सहाव्या दिवशी पाऊस आला. शेजारच्या नामाचं सगळं भात चिखलात झोपलं आणि सावळाराम आपल्या खळ्यापाशी उभा राहून ताडपत्रीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत राहिला. "सुनेनं वाचवलान," असं तो येईल त्याला सांगत होता. "पोटुशी, पन बैलासारखी राबली."

कापणी झाली, तेव्हा मैनाबायने थांबायला हवं होतं. पण हेमालीच मागायला लागली. सकाळी उठली की, "आय, पूड द्या." भाताच्या झोडणीच्या वेळी दुपारी एकदा. भांडी घासून झाल्यावर एकदा. न मिळाली तर डोकं धरायची, सावळारामवर सुद्धा खेकसायची. लावली की शांत. मैनाबायला सगळं समजत होतं. तिने स्वतः चाळीस वर्षं तेच केलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडतही होतं. नाकाला पदर लावणारी सून आता दिवसातून चार वेळा तिच्यापुढे हात पसरत होती. एवढ्या एका सुखासाठी तिने ते वाडगं दीड-दोन महिने भरतं ठेवलं. हे ती कुणालाच कधी सांगू शकली नाही, नंतर सगळं सांगितलं तेव्हासुद्धा.

भिवंडीला जायचं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं. एकदा झोडणी, एकदा वालाची पेरणी. मग सातव्या महिन्यात सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, आणि कमळ कागद घेऊन थेट ओटीवर आली.

"बाळाचं वजन वाढत न्हाय. जेवते ना ही? आनी दाताचं काय केलंत? तोंडात असं पिकलेलं ठेवून चालत न्हाय. उद्याच्या उद्या जा."

सेल संपला होता. मनोजने सुट्टी काढली. तिघं टमटमने भिवंडीला गेली.

विद्युल्लता मॅडमचा दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. खालून यंत्रमागांची खडखड सतत येत होती. मॅडम चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं. त्यांनी हेमालीला खुर्चीत आडवं केलं. मनोज पायाशी उभा राहिला. मैनाबाय दाराजवळच्या बाकावर बसली.

"काय लावता हिरडीला?"

"आमच्या आयची सालीची पूड. ओवळीची."

"बकुळीची साल?" मॅडम मागे वळल्या. "आजी, तुम्ही करता? माझी आजीही करायची. वाईट नाही ती. तिच्यात तुरट अर्क असतो, सैल हिरडी आवळते, रक्त थांबतं. पण ती मदतनीस आहे हं. हे दातावर दगडासारखं बसलंय ना, ते साल काढू शकत नाही, ते मलाच काढावं लागणार. ब्रश हिने करायचा. आणि त्यानंतर सालीच्या पाण्याने चूळ भरली तर माझी काही हरकत नाही."

मैनाबायने मान हलवली. शिकलेल्या बाईने तिच्या पुडीला बरं म्हटलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती हे गावभर सांगत सुटली असती.

मॅडमनी हेमालीचा खालचा ओठ बोटाने खाली ओढला. दिवा जवळ घेतला.

"इथे आतून पांढरं पडलंय. आणि दातांच्या मागे हा काळा थर. मशेरी लावता?"

"न्हाय."

"रागवत नाही मी. बाळाचं वजन कमी आहे ना, म्हणून विचारते. मशेरीने तेही होतं."

"न्हाय मॅडम. देवाशप्पत न्हाय. माझी मावशी तेनंच गेली."

"सालीने असं होत नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. मनोज बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

मैनाबाय बाकावरून अर्धी उठली. आता बोलायचं, असं तिने स्वतःला म्हटलं. तेवढ्यात मॅडम तिच्याकडे वळल्या.

"आजी, तुम्ही लावता ते मला दिसतंय. घरात डबी असते. सून चुकून..."

"मी लावते," मैनाबाय म्हणाली. "पन ती न्हाय लावत. ती डबीला हात बी लावत न्हाय."

शब्द न् शब्द खरा होता. आणि तो अगदी खोट्यासारखा वाजला. सासू सुनेला पाठीशी घालते आहे, असं मॅडमना वाटलं आणि त्या समजूतदारपणे हसल्या. मनोजलाही तेच वाटलं. मैनाबायने तोंड मिटलं ते मिटलंच.

किटण काढताना हेमालीने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरत होतं. "बाळ वाचवायचं असेल तर आजपासून एक कणसुद्धा नको," एवढं मॅडम शेवटी म्हणाल्या, ते मनोजला.

घरी आल्यावर मनोज अंगणातच उसळला.

"मावशी मेली म्हनून मना रडून सांगायचीस, आनी इथं चोरून चोळत व्हतीस? माझं पोर हाय ते पोटात!"

"मी न्हाय लावली. तुमाला कितीदा सांगू? आय, तुमी तरी सांगा ना!"

हेमाली तिच्याकडे बघत होती. सावळाराम गोठ्यातून बाहेर आला होता. शेजारची बाई कुडापलीकडे उभी होती.

"अरं, पोटुशी हाय ती," मैनाबाय म्हणाली. "तिच्यावर वरडू नको."

एवढंच म्हणाली आणि घरात गेली. मिसळलेल्या पुडीचं वाडगं तिने उकिरड्यात पालथं केलं, वर राख टाकली, हात तीनदा धुतले. संध्याकाळी नवी पूड कुटली, निव्वळ सालीची.

हेमालीने ती लावली आणि थुंकून टाकली. "आय, ही पयल्यासारखी न्हाय." चार दिवस तिचं डोकं फुटत राहिलं, झोप उडाली, भात बघितला की ओकारी. आपल्याला काय होतंय ते तिला कळत नव्हतं. ते घरात एकीलाच कळत होतं, आणि ती तिच्या कपाळाला तेल चोळत बसायची.

मनोजने तिची ट्रंक उपसली. उशीचा अभ्रा उसवून बघितला. रोज शिफ्टवरून आला की तो मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि म्हणायचा, "तोंड उघड." हेमाली ओटीवर, सगळ्यांसमोर, तोंड उघडायची. पहिल्या दिवशी रडली. मग रडायची थांबली. तो दारात दिसला की आपणच उठून तोंड उघडून उभी राहायची. मैनाबाय तेव्हा परसात जायची. तिथे उभी राहून ती मशेरी लावायची, कारण दुसरं काही सुचायचं नाही. याच्याइतकी लाज तिला जन्मात कशाची वाटली नव्हती.

हेमालीच्या हिरड्या मात्र सुधारल्या. सूज उतरली, रक्त थांबलं. मॅडमनी किटण काढलं, हेमाली दोन वेळा ब्रश करू लागली, सालीच्या पाण्याने चुळा भरू लागली. कमळने गावभर सांगितलं, की भिवंडीच्या डॉक्टरणीने मैनाबायच्या पुडीला बरं म्हटलं. पंधरा दिवसांत पलीकडच्या पाड्यावरूनही माणसं यायला लागली. "तुमच्या हाताला गुन हाय," म्हणायची. मैनाबाय पूड द्यायची, आणि "आधी डॉक्टरला दाखवा," असं म्हणायची. लोकांना तिचा तो मोठेपणा वाटायचा.

एकदा वालाच्या शेतात तिने सावळारामला हाक मारली.

"काय गो?"

"न्हाय... वाल बरा आयलाय."

"मंग? गेल्या वर्षापरास बरा हाय," म्हणून तो पुढे गेला.

माघात, दिवस भरायला महिना असताना, हेमालीचं पोट दुखू लागलं. सरकारी दवाखान्यात तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. वजन पावणेदोन किलोसुद्धा नव्हतं. नर्सने तिला कपड्यात गुंडाळून काचेच्या पेटीत नेलं. मैनाबायला फक्त एक पाऊल दिसलं, तिच्या अंगठ्याएवढं.

वॉर्डात आठ खाटा, सगळ्या भरलेल्या. हेमाली भिंतीकडच्या खाटेवर होती. नर्स कागद घेऊन आली आणि एकेक विचारून लिहू लागली. वय, पहिलं बाळंतपण, रक्तगट.

"तंबाखू, मशेरी, गुटखा?"

हेमालीने तोंड उघडायच्या आत मनोज म्हणाला, "हो. मशेरी. लिवा."

हेमालीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं. "न्हाय" म्हणायचंसुद्धा तिने सोडून दिलं होतं. नर्सचं पेन कागदावर फिरलं, आणि त्या पाठमोऱ्या मानेकडे बघताना मैनाबायच्या आतलं काहीतरी सुटलं.

"खोडा ते," ती म्हणाली.

"काय आजी?"

"खोडा. तिनं न्हाय लावली. मी घातली." तिचा आवाज वॉर्डभर गेला. "सालीच्या पुडीत मी मशेरी घालून देत व्हते. कापनीला मानूस नव्हतं. तिची दाढ दुखत व्हती, उभी न्हाय ऱ्हायाची, म्हनून घातली. तिला म्हाईत नव्हतं. तिला कायबी म्हाईत नव्हतं. मंग डॉक्टरनीसमोर बी बोलले न्हाय. घरी बी बोलले न्हाय. ह्यो तिचं तोंड बघायचा रोज आनी मी परसात जायचे."

पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. सात खाटांवरची माणसं ऐकत होती. नर्सने पेन खाली धरलं. तिने हे असलं बरंच ऐकलं असावं, कारण ती ओरडली नाही.

"आजी, मला कळलं. पण तंबाखू अंगात गेलाच ना? बाळासाठी ते लिहावंच लागतं. कागदावर 'हो' राहणार."

"मंग माझं नाव लिवा त्याच्यापुढं."

"त्याला जागा नसते," नर्स म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

मनोज उभा होता तिथेच खाली फरशीवर बसला. आईकडे बघितलं, बायकोच्या पाठीकडे बघितलं, मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हेमाली," तो म्हणाला. ती वळली नाही. भिंतीकडे तोंड करूनच तिने सासूला विचारलं.

"त्या दिशी डॉक्टरनीकडं का न्हाय सांगितलंत?"

"भ्याले."

"कुनाला?"

सुनेला, लेकाला, गावाला, आपल्या पुडीचं नाव जाईल त्याला. मैनाबायने मान खाली घातली.

"मी रोज तोंड उघडून उभी ऱ्हायचे, आय," हेमाली म्हणाली. "मना वाटायचं, मीच कवातरी झोपेत लावली आसंल. मी येडी झालेय आसं वाटायचं मना."

त्यानंतर ती सात दिवस मैनाबायशी बोलली नाही. मनोजशीही कामापुरतंच. मैनाबाय घरी गेली नाही. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चटई टाकून राहिली, हेमालीचे कपडे धुतले, सावळारामने पाठवलेली पेज गरम करून खाटेजवळ ठेवली. हेमाली पेज घ्यायची, वाटी परत ठेवायची. मैनाबायने डबी घरीच ठेवली होती. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी फाटकापाशी बसणाऱ्या भाजीवालीकडून मशेरी मागून घेतली. कबूल केलं म्हणून सवय सुटत नाही.

आठव्या दिवशी पोरगी पेटीतून बाहेर आली. नर्सने शिकवलं, तिला उघड्या छातीशी धरायचं, कातडीला कातडी लावून, वरून कापड गुंडाळून, दिवसभर. वजन तसंच वाढतं. हेमालीने सकाळपासून धरली होती. दुपारपर्यंत तिची मान लटपटायला लागली, डोळे मिटायला लागले.

"घरातली दुसरी बाई कोण आहे?" नर्सने विचारलं. "ही झोपू दे तासभर. खाली नाही ठेवायचं बाळाला."

दुसरी बाई दारात उभी होती. मैनाबायने पुढे पाऊल टाकलं नाही. हेमालीने तिच्याकडे बघितलं. छातीवरच्या कापडातून एक मूठ बाहेर आली होती, ती तिने हळूच आत घातली.

"आय, इकडं या."

मैनाबाय खाटेजवळ गेली आणि हात पुढे केले. हेमालीने नाकाने श्वास घेतला.

"आधी तोंड धून या. मंग घ्या."

मैनाबाय व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर गेली. चूळ भरून थुंकली. पाणी तपकिरी पडलं. बोटाने दात घासले, जीभ घासली, ओठ उलटून आतून घासले. पुन्हा चूळ, पुन्हा तपकिरी. हिरडीतून रक्त येईपर्यंत ती घासत राहिली. पदराने तोंड पुसून वॉर्डात आली आणि खाली वाकली.

हेमालीने पोरीला उचललं नाही. तिने सासूच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि वास घेतला.

"आजून येतो," ती म्हणाली. "परत जा."

मैनाबाय परत नळावर गेली.